लाल कांद्याच्या सालीत पेशीपटलाचं काम कसं पाहावं

पेशीपटल, म्हणजे पेशीतल्या द्रव्याभोवतीचं आवरण, जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर जाड असतं. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसणं शक्यच नाही. पण लाल कांद्याच्या पेशीतल्या रिक्तिकेतला (रसाने भरलेल्या मोठ्या पिशवीतला) रस जांभळा असतो आणि या रंगाच्या कडेलाच, पेशीद्रव्याच्या पातळ थरापलीकडे, पटल असतं. रंग सरकला की पटलही सरकलं असं समजायचं.

आधी 5 ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून 100 मिली द्रावण करा. कांद्याची मांसल पाकळी आतल्या बाजूने मोडा आणि बाहेरची जांभळी साल चिमट्याने ओढा. आतली पारदर्शक साल सहज निघते, म्हणून बरेच जण तीच घेतात आणि मग काहीच दिसत नाही. 5 मिमीचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा आणि कव्हरस्लिप तिरकी धरून सावकाश टेकवा. काळ्या कडेचे गोल दिसले तर ते हवेचे बुडबुडे, पेशी नव्हेत. आयोडीन घालू नका, पेशी मरतात.

100 पट वर्धनाखाली पेशी रंगाने काठोकाठ भरलेल्या दिसतील. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या द्रावणाचा थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढा. असं दोन-तीनदा केलं की काही मिनिटांत रंग भित्तिकेपासून (पटलाबाहेरच्या कडक भिंतीपासून) सुटून आत गोळा होतो. हाच रसद्रव्यसंकोच. कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं, त्यामागेही मुख्यतः हेच परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचं जास्त खारट बाजूकडे जाणं, असतं.

पटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर, त्यात जागोजागी प्रथिनं. मिठाचे भारित आयन मेदाच्या थरातून सहजी जात नाहीत. पाण्याला मात्र थोडी वाट मेदातून मिळते आणि बरीच ॲक्वापोरिन या प्रथिनांच्या नळ्यांतून. या नळ्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भित्तिका मात्र मिठाला अडवत नाही. त्यामुळे भित्तिका आणि पटल यांच्यामधल्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत मिठाचं द्रावणच असतं. उत्तरपत्रिकेत तिथे सर्रास ‘पोकळी’ लिहिलेलं सापडतं!

लगेच साधं पाणी तसंच ओढून घ्या, म्हणजे रंग पुन्हा पसरेल. मिठात फार वेळ राहिलेल्या पेशी परतत नाहीत. पाणी एकदम घातलं तर काहींचं पटल फाटतं आणि रंग बाहेर सांडतो.

दुसरा तुकडा मिनिटभर उकळत्या पाण्यात धरून हेच करा. त्याचा रंग पाण्यातच उतरतो आणि मिठानेही आकुंचन होत नाही, कारण अडवणारं पटलच शाबूत उरलेलं नसतं.