ठाण्यातल्या आपल्या चॅपलचा आणि हॉलचा इतिहास कसा शोधायचा

चॅपलला किती वर्षं झाली असं विचारलं की जो तो वेगळं साल सांगतो, आणि बऱ्याचदा सगळ्यांचंच बरोबर असतं, कारण कोणी कोनशिला बसवली ते साल धरतं, कोणी पहिली मिसा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, झाली ते, कोणी छप्पर बदललं ते. म्हणून वहीत तिन्ही वेगवेगळं लिहा. घंटेवर ओतल्याचं साल असेल तर तेही, पण घंटा दुसरीकडून आणलेली असू शकते हं.

सुरुवात मात्र हॉलपासून करा. चॅपलबद्दल कुठे ना कुठे चार ओळी असतात, हॉलचं कोणी लिहून ठेवत नाही, तिथे लग्नं झाली, मुलांची नाटकं झाली, मयतानंतर लोक बसले, आणि जुना हॉल पाडला की सगळं गेलं. घरोघरी लग्नाचे अल्बम मागा आणि फोटोत नवरानवरीच्या मागे काय दिसतंय ते बघा, कौलं आहेत की पत्रे, लादी कुठली, स्टेज कुठल्या बाजूला. लग्नाची तारीख पॅरिशच्या, म्हणजे आपलं चॅपल ज्या मोठ्या चर्चखाली येतं त्याच्या, रजिस्टरमध्ये पक्की असते, म्हणजे एका अल्बमात कौलं आणि दुसऱ्यात पत्रे दिसले की छप्पर त्या मधल्या वर्षांत बदललं हे कळलंच. मला ही पद्धत सगळ्यात जास्त आवडते.

छोट्या चॅपलचं स्वतःचं रजिस्टर सहसा नसतं, नोंदी पॅरिशकडे जातात, तर फादरना रीतसर पत्र द्या, काय हवं ते नेमकं लिहा, आणि लोकांच्या खासगी नोंदींचे फोटो काढू नका. जमिनीसाठी सिटी सर्व्हेच्या ऑफिसात मिळकत पत्रिका, म्हणजे जागा कोणाच्या नावावर ते सांगणारा कागद, काढा. ट्रस्ट नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात मालमत्तेची नोंद मिळते.

"पोर्तुगीजांच्या काळातलं" असं कोणी म्हटलं तर लगेच लिहू नका. ठाणं १७३७ला मराठ्यांनी घेतलं, १७७४च्या शेवटी इंग्रजांनी, म्हणजे १७६०चं बांधकाम पोर्तुगीज सरकारच्या काळातलं असूच शकत नाही. जिल्ह्याचं १८८२चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, चाळा, ऑनलाइन आहे, आणि आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसा, ते १८९३पासून आहे. गल्लीतले क्रूसही बघा, मुंबईकडे १८९६च्या प्लेगात असे बरेच क्रूस उभे राहिले, खाली साल कोरलेलं असेल तर उतरवून घ्या.

आणि म्हाताऱ्या माणसांकडे या आठवड्यातच जा, पुढच्या महिन्यावर टाकू नका. "हॉल कधी बांधला" असं विचारलं तर आठवत नाही म्हणतात, पण "आंटी, तुमच्या लग्नात जेवण कुठे शिजलं, पाणी कुठून आणलं" असं विचारा, मग विहीर कुठे होती, मांडव कुठे पडला, विटा कोणी डोक्यावरून वाहिल्या सगळं निघतं. मोबाईलवर रेकॉर्ड करायची आधी परवानगी घ्या, आणि सुरुवातीलाच तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने बोलून घ्या.