घराण्यातील आजारांची वंशावळ कशी लिहावी आणि कशी वाचावी

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अनेक घराण्यांच्या कित्येक पिढ्यांची नावे सापडतात. परंतु त्यांत वंश मुख्यतः पुरुषांकडून मोजलेला असतो आणि कोणाला कोणता आजार कितव्या वर्षी जडला, हे नसते. मधुमेह किंवा हृदयविकाराचा अंदाज घेण्यासाठी लागणारी वंशावळ वेगळी असते. प्रत्येकाची निम्मी जनुके आईकडून व निम्मी वडिलांकडून येत असल्यामुळे तीत आजोळला तेवढाच मान द्यावा लागतो.

प्रथम आईवडील, सख्खी भावंडे व मुले लिहावीत, कारण त्यांच्याशी आपली सुमारे निम्मी जनुके समान असतात. त्यानंतर आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी (पाव हिस्सा) आणि शेवटी चुलत, आते, मामे, मावस भावंडे (आठवा हिस्सा). प्रत्येक नावापुढे आजार, निदानाच्या वेळचे वय, मृत्यूचे वय व कारण, आणि तंबाखूची सवय यांची नोंद करावी. यांपैकी निदानाच्या वयाचा रकाना सर्वांत मोलाचा असतो आणि नेमका तोच बहुधा रिकामा राहतो. वडिलांना किंवा भावाला 55 वर्षांच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला 65 वर्षांच्या आत हृदयविकार झाला असल्यास डॉक्टर त्याला अकाली मानतात. ऐंशीव्या वर्षीच्या झटक्याला तेवढे वजन नसते.

‘म्हातारपणाने गेल्या’ या उत्तरावर थांबू नये. “आत्या, आजीच्या पायाची जखम भरत नव्हती का? बोट काढावे लागले होते का?” असे विचारले की आजीची ‘शुगर’ आपोआप बोलण्यात येते. कपाटातील जुनी डिस्चार्ज कार्डे स्मरणशक्तीपेक्षा अधिक भरवशाची असतात.

आता वाचन. काही आजार एकाच जनुकातील बदलामुळे होतात. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात ज्याची तपासणी केली जाते तो सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आजार) हा त्यांपैकीच आहे. आईवडील दोघेही वाहक (म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असलेले) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून कुटुंबात एकही रुग्ण किंवा वाहक असल्यास लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्यावे. मामे-आते भावंडांत लग्न ठरत असेल, तर ही तपासणी टाळूच नये.

मधुमेहाचे गणित निराळे आहे. 2007 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी सात आजारांच्या प्रत्येकी सुमारे 2,000 रुग्णांची जनुके सुमारे 3,000 इतर लोकांशी ताडून पाहिली. तेव्हापासून अशा अभ्यासांतून मधुमेहाशी निगडित शेकडो जनुकीय जागा सापडल्या आहेत. टीसीएफ7एल2 हे त्यांतील ठळक जनुक होय, तरी त्यातील धोक्याच्या बदलाची एक प्रत धोका दीडपटीच्या आतच वाढवते. त्यामुळे आईवडिलांना मधुमेह आहे म्हणजे आपल्यालाही होणारच, असा अर्थ काढू नये; वजन, हालचाल आणि आहार यांना पुष्कळ वाव उरतो.

दोन चित्रे मात्र वेगळी ओळखावीत. एक, पिढ्यान्‌पिढ्या पंचविशीच्या आत, सडपातळ व्यक्तींना होणारा मधुमेह. तो एका जनुकाचा प्रकार असू शकतो आणि त्याच्या काही रुग्णांना इन्सुलिनऐवजी गोळ्या पुरतात, अर्थात हा बदल डॉक्टरांनीच करावयाचा असतो. दुसरे, तरुणपणीचे हृदयविकार आणि 190 च्या वर एलडीएल (रक्तातील ‘वाईट’ कोलेस्टेरॉल): आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा हा दोष जगात सुमारे 250 पैकी एका व्यक्तीत असतो आणि तो आढळल्यास मुलांचेही रक्त तपासावे लागते. याच आजाराच्या अभ्यासातून 2003 मध्ये पीसीएसके9 या जनुकाचा संबंध उघड झाला. पुढे ज्यांच्यात ते जन्मतः निकामी असते त्यांना हृदयविकार कमी होतो असे दिसले, आणि 2015 मध्ये त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला रोखून कोलेस्टेरॉल उतरवणारी इंजेक्शने बाजारात आली.

घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून मिळणाऱ्या ‘जनुकीय धोका’ अहवालावर, माझ्या मते, आधी पैसे घालू नयेत. असे गुणांक बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले असतात. भारतातील 10,000 जीनोमची (संपूर्ण जनुकसंचांची) माहिती तर संशोधकांसाठी जानेवारी 2025 मध्ये खुली झाली आहे. अशा अहवालाऐवजी वंशावळीसोबत एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), रक्तदाब आणि लिपिड प्रोफाइलचे आकडे घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जावे.

नवे निदान झाले की तारखेसह भर घालावी. हा कागद कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नये. घरात स्थळे पाहणे चालू असेल, तर ज्याचा आजार त्याला विचारूनच तो दाखवावा.