पावसात क्ले शूटिंगला जायचं का? आधी आभाळ ऐका

राजेहो, जुलैत नागपुरात सकाळी ऊन अन् दुपारी धो धो, त्यामुळे रविवारची क्ले शूटिंगची रेंज, म्हणजे हवेत उडवलेल्या थाळ्या बंदुकीने फोडायचा सराव, कॅन्सल करायची का हा प्रश्न दर आठवड्याला पडतेच. माझं मत सांगतो, नुसता झिमझिम पाऊस असेल तर बिनधास्त जा, पण गडगडाट ऐकू आला तर बंदूक रिकामी करून सरळ पक्क्या इमारतीत नाहीतर कारमध्ये बसायचं, झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही. वीज चमकली अन् 30 सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे ती जवळ आहे, अन् शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर यायचं नाही, चहा घ्या तोवर.

वाऱ्याचं मात्र वेगळं आहे. क्ले म्हणजे जेमतेम 105 ग्रॅमची, 110 मिलिमीटरची थाळी, समोरून वारा आला की ती वर उचलते, पाठीमागून आला की खाली दबते, म्हणजे नेहमीच्या अंदाजाने मारलं की हुकलंच. स्कोअर पडेल, पण शिकायला हेच दिवस भारी असतात बरं का.

ढगाळ उजेडात काळा चष्मा नको, पिवळ्या काचेचा घ्या, आणि टोपी हवीच, काचेवर थेंब पडले की काहीच दिसत नाही. बंदुकीची नळी चिखलात टेकली असेल तर रिकामी करून आतून बघितल्याशिवाय फायर करू नका, अडकलेल्या चिखलाने नळी फाटू शकते. घरी आल्यावर पुसून, तेल लावून मगच ठेवा, ओल्या कव्हरमध्ये तर अजिबात नाही, आपल्याकडच्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो.