दुकानाच्या काचेत जुनं शिलाई मशीन मांडताना

कपड्यांच्या दुकानात दर्शनी काचेमागे जुन्या सिंगर मशीनच्या रांगा लावायची पद्धत ऑलसेंट्स या ब्रिटिश कंपनीमुळे जगभर गाजली. आपल्याकडच्या बुटिकमध्येही आता काळं हेड (म्हणजे स्टँडवर बसणारं मूळ मशीन) किंवा बिडाचं स्टँड हमखास दिसतं. मांडणी देखणी होते, पण साफसफाई आणि बसवणं चुकलं तर दोन पावसाळ्यांत मशीनची रया जाते.

चालू मशीन शोभेला अडकवू नका. तडा गेलेली, शटल (खालचा दोरा धरणारा भाग) हरवलेली हेडं जुन्या बाजारात आणि मशीन दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळतात, ती घ्या. चाक फिरत नाही एवढ्यावरून मशीन मेलं असंही धरू नका. बहुतेक वेळा जुनं तेल आत सुकून चिकट झालेलं असतं. हेअर ड्रायरने सांधे कोमट करा, तेलाच्या भोकांत थेंब-थेंब ताजं तेल सोडा, रात्रभर ठेवा आणि चाक हलक्या हाताने मागेपुढे करा. सुटलं, तर ते शिवणाऱ्या कुणाच्या तरी हातात जाऊ द्या.

विकणारा वय सांगेल त्यावर विसंबू नका. सिंगरच्या पाटावर, म्हणजे मशीनच्या खालच्या सपाट बैठकीवर, उजवीकडे कोरलेल्या क्रमांकावरून वर्ष कळतं. 15के, 66के या मॉडेलांच्या नावांतला ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधला किलबोवीचा कारखाना. तो 1980 मध्ये बंद झाला. स्क्रूच्या खाचांतही काळा रंग चढलेला दिसला, तर हेड नव्याने रंगवलेलं आहे.

साफसफाईत सगळ्यात नाजूक भाग सोनेरी नक्षीचा. जुन्या सिंगरवर नक्षी चिकटवून वर लाखेचा पातळ थर दिलेला असतो, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे सॅनिटायझर, थिनर, अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही लावू नका. थर गेला की सोनं उडून खालची रुपेरी छटा उघडी पडते, ती परत येत नाही. गाडीचं रबिंग कंपाउंडही नको, ते नक्षीच खरवडून काढतं. मऊ सुती कापडाच्या बोळ्यावर शिलाई मशीनचं तेल घ्या आणि आधी मागच्या बाजूला पुसून बघा. बोळा काळा-पिवळा झाला तर तो मळ. सोनेरी कण दिसले तर तिथेच थांबा. कापड सारखं पालटत राहा, कारण त्यात अडकलेली धूळ रंगावर ओरखडे काढते. चकचकीत धातूच्या भागांवरचा गंज सगळ्यात बारीक, 0000 नंबरच्या स्टील वूलने तेल लावून काढा. ते रंगाला लागू देऊ नका. शेवटी मेणाचं पॉलिश पातळ लावून पंधरा मिनिटांनी पुसून घ्या. पाण्याने धुणं तर नाहीच.

फळीवर बसवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते: हेडचा तळ सपाट नसतो. दांड्या आणि शटलचा भाग खाली येतो, चाकही पाटाच्या खाली उतरतं. नुसतं टेकवलं तर हेड डुगडुगतं, कलंडतं. मोठ्या हेडचा पाट साधारण 37 बाय 18 सेंटीमीटर असतो. त्या मापाची लाकडी चौकट करून घ्या आणि चाकासाठी उजवीकडे खाच ठेवा. उंची ठरवण्याआधी तळातून खाली आलेला भाग मोजा. पाटाच्या मागच्या कडेला बिजागरीची दोन भोकं असतात. त्यांत बिजागरीच्या पिना घालून स्क्रू आवळा आणि बिजागरी चौकटीला ठोका. हेडला ड्रिल मारायची गरजच पडत नाही.

हेडचं वजन 12 ते 15 किलो धरा. सहा फुटी फळीवर चार हेडं म्हणजे 60 किलोपर्यंत भार. ब्रॅकेट दीड-दीड फुटावर हवेत आणि अँकर प्लॅस्टर ओलांडून विटेत शिरायला हवा. प्लॅस्टरमध्येच थांबला तर भारासकट निघून येतो. जिप्समच्या पार्टिशनवर अशी फळी लावूच नका, जमिनीवर उभं राहणारं लोखंडी रॅक करा.

बिडाच्या स्टँडवर काच टाकून टेबल करायचं असेल, तर जुनी फळी काढल्यावर दोन्ही बाजूंचे पाय हलायला लागतात. वर लोखंडी चौकट बोल्टने कसा, तिच्यावर रबराच्या गोट्या आणि 10 मिलिमीटरची टफन्ड काच ठेवा. पट्टा काढून टाका आणि पायडलची दांडी तारेने घट्ट बांधा. लहान मुलं पायडल दाबतातच, आणि मोठ्या चाकात बोटं सापडतात. हेडमधली सुईसुद्धा काढून ठेवा.

प्रकाश समोरून टाकला तर काळ्या रंगावर नुसती चकाकी येते. वरून बाजूला तिरका, पिवळसर एलईडी लावला की नक्षी उठून दिसते. सुईजवळच्या, कापड दाबून धरणाऱ्या दाबपट्टीखाली कापड लावणार असाल तर त्याखाली बटर पेपर घाला, नाहीतर कापडाला तेलाचे डाग पडतात आणि दमट कापडामुळे खालचे दात गंजतात. कापडाच्या दुकानात हवेत तंतू उडतात, ते तेलावर बसून चिखल होतो. म्हणून बाहेरून तेल नको, मेणच. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा मेणाचा हात फिरवा, आणि दर तीन महिन्यांनी आत थेंबभर तेल सोडून चाक फिरत असेल तर आपल्याकडे फिरवा.