मूळ प्रत डावीकडे, प्रूफ उजवीकडे

मी मुद्रितशोधन करते, म्हणजे छपाईआधीच्या नमुना प्रतीतल्या, प्रुफातल्या, चुका शोधते. सुरुवातीला पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका छापखान्यात आम्ही दोघी बसायचो. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसरीनं प्रुफावर खुणा करायच्या. आता वाचायला कुणी नसतं. तिची जागा स्क्रीनच्या डाव्या अर्ध्या भागानं घेतली आहे, त्यामुळे स्क्रीन नीट विभागता येणं हा माझा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

कॉम्प्युटरवर हे काम सोपं. मूळ प्रतीची पीडीएफ उघडा, विंडोज की दाबून ठेवून डावा बाण दाबा. खिडकी डाव्या कडेला चिकटते आणि विंडोज 10 किंवा 11 असेल तर उजवीकडे बाकीच्या खिडक्यांची छोटी चित्रं दिसतात. त्यातलं प्रूफ निवडा, झालं. विंडोज 11 वर विंडोज की आणि झेड दाबलंत तर तीन-चार खिडक्यांचे आराखडेही समोर येतात. मी त्यांच्या वाटेला जात नाही. डोळे दोनच आहेत. मधली रेघ माउसनं ओढली की एक खिडकी मोठी आणि दुसरी आपोआप लहान होते. मॅकवाल्यांना स्प्लिट व्ह्यू 2015 पासून आहे. खिडकी नुसती कडेला ओढून चिकटवायची सोय मात्र 2024 च्या ‘सेकोया’ या मॅकच्या आवृत्तीत आली.

खरी गोम पुढे आहे. दोन्हीकडचा झूम असा ठेवा की अक्षरं साधारण एका उंचीची दिसतील, आणि वाचत असलेली ओळ दोन्हीकडे एकाच पातळीवर आणा. गेल्या महिन्यात एका आत्मचरित्राच्या हस्तलिखितात होतं, ‘आईनं कडी घातली आणि ती देवघरात गेली. आईनं मला हाक मारली नाही.’ टाइप करणाऱ्याची नजर पहिल्या ‘आईनं’वरून थेट दुसऱ्यावर गेली. प्रुफात उरलं, ‘आईनं मला हाक मारली नाही.’ व्याकरण चोख, ऱ्हस्वदीर्घ चोख. फक्त कडी आणि देवघर गायब. शेजारी मूळ प्रत नसती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

दोन्ही फाइली वर्डच्या असतील तर ‘व्ह्यू’मधलं ‘व्ह्यू साइड बाय साइड’ वापरा, म्हणजे एक सरकवली की दुसरीही सरकते. मजकूर वाढला-घटला असेल तर ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ बंद करा, नाहीतर दोघी भलत्याच पानांवर जाऊन बसतात. तिथेच ‘न्यू विंडो’ आहे. एकच फाइल दोनदा उघडून एकीकडे अनुक्रमणिका, दुसरीकडे प्रकरणांची पानं, असं मी शेवटच्या वाचनात करते.

आता फोन. अँड्रॉइडवर ही सोय 2016 मध्ये, सातव्या आवृत्तीपासून आली. अलीकडे उघडलेल्या ॲप्सची यादी काढा, ॲपच्या चौकटीवरच्या चिन्हावर बोट टेकवा आणि ‘स्प्लिट स्क्रीन’ निवडा. मग दुसरं ॲप घ्या. कंपनीगणिक पर्यायाचं नाव थोडं बदलतं. काही ॲप्स विभागायला साफ नकार देतात. ते ठरवणं ॲप बनवणाऱ्याच्या हाती असतं, तुमचा फोन बिघडलेला नसतो. आयफोनवर दोन ॲप्स अशी लावताच येत नाहीत. व्हिडिओची छोटी तरंगती चौकट तेवढी मिळते. आयपॅडवर मात्र 2015 पासून येतात.

मी एकदा शहाणपणा केला. आयडियल कॉलनीला मेट्रोत बसले, रामवाडीपर्यंत वेळ आहे म्हणून फोनवर वर पीडीएफ, खाली दुरुस्त्यांची टिपणं असं मांडलं. मध्येच लेखकानं पाठवलेले फोटो पाहायला दुसरीकडे गेले आणि परत आले तर पीडीएफ पहिल्या पानावर! टिपणांतल्या शेवटच्या चार दुरुस्त्याही गेल्या. कारण साधं आहे. मेमरी कमी पडली की फोन मागची ॲप्स तुम्हाला न विचारता बंद करतो. कॉम्प्युटर तेव्हा मेमरीतला मजकूर डिस्कवर सरकवतो. तो मंदावतो, कुरकुरतो, पण सहसा खिडकी मिटत नाही. जुन्या अँड्रॉइडवर आणखी एक तऱ्हा होती. दहावी आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे 2019 पर्यंत, दोन्ही ॲप्स दिसत असली तरी शेवटचा हात लागलेलं एकच पूर्ण जागं असायचं. म्हणून काही ॲप्समधला वरचा व्हिडिओ खाली बोट लावताच थांबायचा.

त्यामुळे मेट्रोत मी आता तपासणी करत नाही, शंका निपटते. वर प्रुफाचं पान, खाली लेखकाशी व्हॉट्सॲप. टाइप करायला लागलात की कीबोर्ड निम्मी स्क्रीन खातो आणि प्रूफ दिसेनासं होतं. गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड असेल तर त्याच्या मेनूत ‘फ्लोटिंग’ आहे; कीबोर्ड छोटा होतो आणि हवा तिथे ओढता येतो. मी तो व्हॉट्सॲपच्या जुन्या मेसेजांवर ठेवते. अँड्रॉइड 15 च्या काही फोनांवर ‘सेव्ह ॲप पेअर’ही मिळतं. जोडी एकदा जपून ठेवली की होम स्क्रीनवरच्या एका चिन्हाला बोट लावून दोन्ही ॲप्स उघडतात. माझी जोडी वनाझकडून गाडी येताना दिसली की उघडते, आणि गरवारे कॉलेज येईपर्यंत लेखकाला पहिला प्रश्न गेलेला असतो.