‘पोस्ट काढायची’ हे ध्येय वहीत कसं उतरवायचं

स्पर्धा परीक्षेच्या तयारीला नव्यानं लागलेल्या कुणालाही विचारा, ध्येय तयारच असतं : ‘एसटीआय’ (राज्यकर निरीक्षक), ‘पीएसआय’ (पोलीस उपनिरीक्षक), ‘यंदा पोस्ट काढायचीच’. अडचण अशी, की पोस्ट तुमच्या हातात नाही. जागा किती निघतील, पेपर कसा येईल, कट-ऑफ (पात्र ठरायला लागणारे किमान गुण) कुठे थांबेल, यातलं काहीच तुम्ही ठरवत नाही. म्हणून भिंतीवर पोस्टचं नाव खुशाल चिकटवा, पण वहीत मात्र येत्या रविवारी रात्री मोजता येईल असाच आकडा लिहा.

उदाहरणादाखल महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) गट-ब संयुक्त पूर्व परीक्षा घेऊ. १०० प्रश्न, १०० गुण, एक तास. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.

सुरुवात पुस्तकांच्या खरेदीनं करू नका. आयोगाच्या संकेतस्थळावरून जुना एक पेपर आणि त्याची अंतिम उत्तरतालिका उतरवून घ्या (पहिल्या उत्तरतालिकेतली काही उत्तरं पुढे बदलतात किंवा प्रश्न रद्द होतात, म्हणून अंतिमच). काहीही न वाचता, घड्याळ लावून तो सोडवा. गुण लाजिरवाणे येतील, येऊ द्या. समजा ७२ सोडवले, ४० बरोबर, ३२ चूक. ४० वजा ८, हातात ३२. आता मागच्या काही परीक्षांमधले तुमच्या प्रवर्गाचे कट-ऑफ काढा, त्यातला सर्वांत वरचा धरा आणि त्यावर ५ गुण चढवा. समजा आकडा ५५ आला. म्हणजे २३ गुणांची खोट आहे.

इथून पुढे बहुतेक जण ‘सगळे विषय पहिल्यापासून’ धरतात आणि फसतात. त्याआधी चुकलेल्या ३२ प्रश्नांपुढे पेन्सिलीनं एकेक अक्षर लिहा. ‘न’ म्हणजे माहीतच नव्हतं. ‘ग’ म्हणजे वाचलेलं होतं, पण गोंधळ झाला. ‘व’ म्हणजे प्रश्नच नीट वाचला नाही. ‘अयोग्य विधान ओळखा’ असताना योग्य विधानाचा गोल भरला. ‘तु’ म्हणजे तुक्का. ‘व’ला सिली मिस्टेक म्हणून सोडून द्यायची पद्धत आहे. ती सवय मोडा, तीही पूर्ण सव्वा गुणाला पडते.

समजा हिशेब असा निघाला : न १४, ग ९, व ५, तु ४. ‘ग’ आणि ‘व’ मिळून १४ प्रश्न. चुकलेला प्रश्न बरोबर आला, की एक गुण मिळतो आणि वजा होणारा पावही वाचतो. १४ गुणिले सव्वा, साडेसतरा गुण. ३२ वरून ४९.५. उरलेले साडेपाच ‘न’मधून आणि वेळ न पुरल्यामुळे कोऱ्या राहिलेल्या २८ प्रश्नांतून काढायचे, त्यात अंकगणित भरपूर सापडेल. ‘२३ गुण वाढवायचे’ म्हटलं की धडकी भरते. ‘ग आणि व आधी १४ वरून ४ वर आणायचे’ हे करता येण्यासारखं काम आहे.

तुक्क्याचंही गणित एकदा मांडून ठेवा. डोळे मिटून १६ प्रश्न ठोकले, तर सरासरी ४ बरोबर आणि १२ चूक. ४ वजा ३, कमाई एक गुण. पण दोन पर्याय खात्रीनं कटत असतील, तर तसल्या ८ प्रश्नांत ४ बरोबर, ४ चूक, आणि हाती ३ गुण. तेव्हा ‘किती अटेम्प्ट करू?’ याचं उत्तर प्रश्नागणिक वेगळं.

आठवड्याचा आकडा साधा ठेवा. जुन्या पेपरातले २५ प्रश्न, १५ मिनिटांत. त्यानंतर पाऊण तास तपासणी आणि अक्षरं लिहिणं. हा एक संच. दिवसाला एक, आठवड्यातले सहा दिवस, १५० प्रश्न. नोकरी करणाऱ्यांनी तो सकाळी घराबाहेर पडण्याआधी उरकावा. संध्याकाळी थकल्यावर सोडवला, की ‘व’ वाढतात आणि खरं चित्र कळत नाही. विषयाचं वाचन या संचाच्या मागे धावू द्या, पुढे नको. राज्यघटनेत ‘ग’ साचले असतील, तर त्या आठवड्याचं वाचन राज्यघटना.

‘ग’ची वही वेगळी ठेवा आणि तिच्यात उतारे लिहू नका. एका चुकीला एक ओळ, तीही गोंधळ नेमका कशाचा ते सांगणारी. उदाहरणार्थ : ‘संपत्तीचा मूलभूत हक्क वगळला : ४४वी, १९७८. मी लिहिलं ४२वी, १९७६. ४२वीनं उद्देशिकेत “समाजवादी, धर्मनिरपेक्ष” घातलं.’ दोन्ही बाजू एकाच ओळीत आल्या पाहिजेत. नुसतं बरोबर उत्तर लिहिलं, तर पुढच्या वेळी पुन्हा त्याच जागी पाय घसरतो.

रविवारचा अर्धा तास हिशेबाचा. तीन ओळी : ठरलं किती, झालं किती, अडलं कुठे. १५० ठरले आणि ११० झाले, तर राहिलेले ४० पुढच्या आठवड्यात ढकलू नका. थकबाकी साचत गेली, की तिसऱ्या आठवड्यात माणूस वहीच उघडत नाही. सलग दोन रविवार आकडा चुकला, तर तो पावपट कमी करा. नवं रंगीत टाइमटेबल मात्र आखू नका. तो अभ्यास नव्हे, अभ्यासाची रांगोळी आहे.

तासांचं ध्येय ठेवू नये, असं आमचं ठाम मत. अभ्यासिकेत सकाळी ८ ते रात्री ८ बसलेल्यानं तीन दिवस प्रामाणिकपणे नोंद ठेवावी; चहा, मेस, कट्टा आणि मोबाइल वगळून काय उरतं ते पाहावं. बारा तासांची खुर्ची आणि बारा तासांचा अभ्यास यांत फार फरक निघतो.

परीक्षेला २४ आठवडे आहेत असं धरा. ४ आधीच खोडा : आजारपण, लग्नं, दिवाळी. पुण्यात सदाशिव-नारायण पेठेत राहत असाल, तर गणपतीचे दिवस त्यातच धरा. ढोल-ताशांच्या आवाजात राज्यघटना डोक्यात जात नाही, त्यापेक्षा गावी जाऊन या. उरले २०. शेवटचे ५ उजळणी आणि पूर्ण पेपरांना. विषय १५ आठवड्यांत बसवायचे. परीक्षा पुढे गेली तर (तेही होतं) नवं पुस्तक आणू नका, ‘ग’ची वही पहिल्या पानापासून घ्या.

काही अटी अभ्यासानं सुटत नाहीत, त्या पहिल्याच आठवड्यात तपासा. पीएसआयसाठी अनवाणी उंची पुरुषांना १६५ आणि महिलांना १५७ सेंटिमीटर लागते. भिंतीला टेकून मोजा, अंदाज नको. लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. ते ऐन वेळी हातात येत नाही. आणि किती प्रयत्न द्यायचे, पैसे कुठवर पुरतील, हे घरच्यांसोबत बसून ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. निकालाच्या दिवशी हा निर्णय घ्यायला बसलात, तर तो रागात तरी होतो नाहीतर रडत.

शेवटच्या ५ आठवड्यांतले पूर्ण पेपर खऱ्या ओएमआरच्या (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेच्या) नमुन्यावर आणि काळ्या बॉलपेननं सोडवा. एका गोलाला ५ सेकंद धरले, तरी १०० गोलांना आठ मिनिटांहून जास्त लागतात, आणि ती त्या साठ मिनिटांतूनच जातात. सगळे गोल शेवटी भरायचे ठेवले, की एक ओळ सरकते आणि पुढचे सगळे गोल चुकतात. पानावरचे प्रश्न झाले की त्यांचे गोल भरा, मगच पान उलटा.