श्रमदानाला माणसं बोलावताना

विदर्भात मे महिन्यात समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर) खोदायचे तर काम पहाटे ५.३० ते ८.३०. (चंद्रपूरकडची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, म्हणजे तरुणांचं श्रमदान शिबिर, तीही मे महिन्यातच भरते.) ५ जणांची टोळी करा: दोघं टिकासीवर (टिकावावर), एक फावड्यावर, दोघं घमेल्यांवर.

आधी ए-फ्रेमने (पातळी बघायची इंग्रजी ‘A’ च्या आकाराची चौकट) समान पातळीची रेघ आखून फक्की टाका. खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूलाच टाका, तिचाच बांध होतो. रेघ तिरकी गेली की पाणी एका टोकाला धावतं आणि जोराच्या पावसात बांध फुटतो. आखणी स्वयंसेवकालाच करू द्या. उद्या तो स्वतःच्या वावरात हेच करील. प्रमाणपत्रावर नुसतं ‘सहभाग’ नको, शिकलेलं काम लिहा.

संस्थेने चराची लांबी, रुंदी, खोली रोज वहीत टिपावी. मोजमाप असलं तरच हे श्रम लोकवाटा (कामाच्या खर्चातला लोकांचा हिस्सा) म्हणून दाखवता येतात.